सोळा पेशंटांचा एक नंबर

कॉम्प्युटरने ज्याच्यापुढे हात टेकले असं एकच माणूस मी आजवर पाहिलंय, ते म्हणजे चिंचपोकळीच्या आमच्या आरोग्यसेविका मावशी. मी त्यांच्याच दवाखान्यात नोकरीला. चाळींतल्या पेशंटांच्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायच्या आणि औषध अर्धवट कोण सोडणार ते आधीच ओळखायचं, हे माझं काम. पगारी ज्योतिषीच म्हणा ना, फक्त पोपट नव्हता.

मावशी माझ्या टॅबवर जेवणाचा डबा ठेवत, म्हणे तेवढाच गरम राहतो. त्यांच्या वहीत पत्ते असत ते ‘तिसरा माळा, भुंकणाऱ्या कुत्र्याच्या शेजारी’ असे. माझं भाकीत यायला आठवडा लागे, त्यांचं जिना चढता चढता तयार होई. “दिवसाढवळ्या दार लोटलेलं दिसलं ना, की समजायचं गोळ्या बंद,” असं त्या सांगत. मी हसायचो. शिकलेल्या माणसाला हसण्याची फार घाई असते.

एकदा मला यादीत तब्बल सोळा नोंदींवर एकच मोबाइल नंबर दिसला. डुप्लिकेट! दुसऱ्याची चूक सापडल्यावर होतो तसा निर्मळ आनंद मला झाला. मी सोळांचा एक पेशंट करून टाकला. वय एकाहत्तर, सातवा महिना, टीबी आणि मोतीबिंदू, असा तो पेशंट होता. त्यातही मला काही वावगं दिसलं नाही, उलट त्याच्यापुढे मी ‘विशेष लक्ष’ असं लिहिलं. यादी स्वच्छ झाली म्हणून साहेबांनी चहा पाजला.

तिसऱ्या दिवशी मावशी टेबलापाशी उभ्या राहिल्या. “झिला, माझी माणसं कुठे घालवलीस?”

तो नंबर त्यांचाच होता. कुणाकडे फोन नव्हता, तर कुणाच्या घरी तो वाजून चालणार नव्हतं. दुसऱ्या माळ्यावरच्या सुनेने आपला टीबी सासूपासून लपवला होता. रोज सकाळी ती वाटीभर साखर मागायला मावशींकडे यायची आणि तिथेच गोळ्या घ्यायची. आता यादीत नाव नाही म्हणून दवाखान्याच्या औषधखिडकीवर मावशींना तिच्या गोळ्या मिळेनात. दोन दिवस पोर नुसती साखर घेऊन परत गेली होती.

“पण मावशी, सोळा जणांचा एकच नंबर कसा असेल?”

“पोस्टमन विचारतो काय रे, एका चाळीत एवढी माणसं कशी म्हणून? टीबीच्या गोळ्यांना खाडा चालत नाही. नावं घाल आधी.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या वही न उघडता एकेक नाव सांगत गेल्या आणि मी टाइप करत गेलो. दुपारी गोळ्या घेऊन त्या स्वतः जिना चढल्या. पुढे त्या सुनेचा कोर्स पुरा झाला, ती बरी झाली. सासूला अजून पत्ता नाही.

गेल्या वर्षी मावशी निवृत्त होऊन गावी गेल्या. जाताना म्हणाल्या, “माझा नंबर काढ तिथला. तुझा घाल.” त्या असं सहज म्हणाल्या, आणि मी सोळाही ठिकाणी माझा नंबर घातला.

आता रोज सकाळी आठला गोळ्यांची आठवण करणारे कॉम्प्युटरचे फोन मला एकामागून एक येत राहतात आणि मी धापा टाकत माळे चढतो, लोटलेली दारं बघत. माझ्या टेबलाच्या खणात साखरेचा डबा असतो. कुणी वाटी पुढे केली की मी आधी गोळ्या देतो, मग साखर, आणि मला मावशींची फार आठवण येते.