मी वारा मागितला होता

यंदाच्या पौषात देवावर माझा विश्वास होता, पण भीती त्याहून मोठी होती. इंदापूरकडच्या आमच्या डाळिंबाला कळी भरघोस निघाली आणि आभाळच गढूळलं. सकाळी धुई, दुपारी ढग, आणि वीटभट्ट्यांची काजळी त्या धुईत अडकून पानाफुलांवर बसायची. पानावरून बोट फिरवलं की काळं व्हायचं. मधमाश्या फिरकेनात आणि झाडांखाली गळलेल्या कळ्यांचा सडा. आमचे मालक लोणी देवकरला कंपनीत कामाला. मी सारखी वर बघते म्हणून मला ‘हवामान खातं’ म्हणायचे. पण बाग मी सांभाळते, जीव माझा टांगणीला लागला होता.

त्यातच बांधाला लागून असलेला तात्यांचा ऊस तुटून गेला. ऊस गेला की उरलेलं पाचट पेटवायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. हवा इतकी कोंदलेली, की तो धूर माझ्या कळीवरच बसला असता. मी विनवायला गेले.

“तात्या, चार दिस थांबा की. कळी हाय झाडावर.”

“आगं, बुडख्यातनं खोडवा फुटायचाय, त्याला पाणी द्यायचं हाय. पाचटाची काय पूजा करू? उद्या सांजच्याला पेटवणार बघ.”

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. एसटीनं मोरगाव गाठलं. मयूरेश्वरापुढे उभी राहिले तर स्तोत्रसुद्धा आठवेना. एवढंच म्हणाले, “देवा, संध्याकाळी वारा सुटू दे, धूर माझ्या बागेकडं येऊ नको देऊ. पलीकडं जाऊ दे.” आणि हमसून हमसून रडले.

परतले तेव्हा दिवस कलला होता. झाडाचं पान हलत नव्हतं. देवानं ऐकलं नाही, म्हणून मला त्याचा रागच आला. पण तात्यांच्या रानात धूर नव्हता, ट्रॅक्टर घरघरत होता. पाचटाची कुट्टी करायचं यंत्र घेऊन एक अनोळखी माणूस दुसऱ्याच गावाला निघालेला. रस्ता चुकला म्हणून विचारायला थांबला. तात्या म्हणाले होते, “आलाच हाईस तर हितं दोन फेरं मारून दाव.” फेऱ्या बघून तात्यांना ते पटलं आणि त्यांनी सगळं रान करून घेतलं. चहा पिऊन तो गेला. त्याचं नाव कुणीच विचारलं नाही.

“काडीपेटी खिशातच राह्यली बघ!” तात्या हसत म्हणाले.

घरी आले, तर माझी धाकटी जाऊ दारात उभी. “आक्का, परसाद आणला का?” तिच्या ओंजळीत पेढा ठेवताना मला तिची बाग आठवली. तात्यांच्या रानापलीकडची द्राक्षबाग तिची. पाचट पेटलं असतं आणि वारा सुटला असता, तर तो धूर तिच्या घडांवर गेला असता. मी मोरगावला जाऊन तेच मागून आले होते.

बहार निम्माच लागला. काजळी अजून बसते, आभाळाचा भरवसा नाही, माझी काळजीही सुटलेली नाही. पण हात जोडले की आता देवाला दिशा सांगत नाही. देवा, त्या दिवशी माझं ऐकलं नाहीस, हे तुझे उपकार.