उपासाला चालणारी औषधं

आमच्याकडे शनिवारी आईचं डोकं दुखायचं. दर शनिवारी, दुपारची भांडी घासून झाली की सुरू. आणि दर शनिवारी सगळं घर असं काही चकित व्हायचं, जणू हे दुखणं पहिल्यांदाच आलंय. ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

कारण साधं होतं. बाबांना साडेसाती लागली होती, म्हणून आई शनिवार करायची. सकाळपासून फराळसुद्धा नाही, नुसतं पाणी. सूर्य मावळला की जेवायचं. साडेसाती बाबांची, उपास हिचा. बाबा मात्र अर्ध्या दिवसानं ऑफिसातून सुटत, पनवेल स्टँडजवळ मित्रांबरोबर भजी खात आणि घरी येऊन पुन्हा पोटभर जेवत. वर ढेकर देऊन विचारत, "काय गं, आज पुन्हा डोकं?"

उपचारांना तोटा नव्हता. सुंठ सहाणेवर उगाळून कपाळावर लेप, तो वाळला की जायफळाचा. कर्नाळ्याकडच्या बायका बाजारात निरगुडीचा पाला घेऊन बसत, त्याची वाफ. तळपायांना तूप लावून काशाची वाटी घासायची, ते काम माझं. तळपाय काळे झाले की आत्या खूश. "बघ, किती उष्णता निघाली!" उष्णता कसली डोंबलाची! बाई उपाशी होती.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, आमच्याकडेच राहायची. उपासाला काय चालतं याचा निकाल तीच द्यायची. लेप पोटात जात नाही, चालतो. नाकात सोडलेलं तूप घशात उतरतं, पण औषध म्हणून चालवून घेऊ. एकदा शेजारच्या काकूंनी डोकेदुखीची गोळी आणून दिली, तर आत्यानं ती नखानं खरवडून पाहिली. "पिठूळ आहे. धान्याचं पीठ असणार यात. उपास मोडेल." आईनं गोळी निमूटपणे परत केली.

मी नववीत होते तेव्हाची गोष्ट. एका शनिवारी आईला उलटी झाली, नुसतं पिवळं पाणी. भिंतीला धरत ती मोरीतून बाहेर आली आणि मला म्हणाली, "जरा सुंठ उगाळतेस का गं?" माझं टाळकंच सटकलं. आत्या आत झोपली होती. मी सकाळचा भात घेतला, दही-मीठ कालवलं आणि वाडगा तिच्या पुढ्यात आदळला.

"अगं, शनिवार आहे."

"माहितीये मला. खा. नाहीतर मीही जेवणार नाही. आजही नाही आणि उद्याही नाही."

भिंतीकडे तोंड करून तिनं तो भात खाल्ला. शेवटचं शीतसुद्धा बोटानं पुसून घेतलं. संध्याकाळी ती चक्क गुणगुणत भाजी निवडत होती.

सोमवारी खडीवरून बाबांची स्कूटर घसरली. कोपर सोललं, बाकी काही नाही. तेव्हा सगळीकडे बांधकामं चाललेली, रस्त्यावर खडी पसरलेली, रोज कुणी ना कुणी पडायचंच. पण आईचा चेहरा पांढराफटक पडला आणि तिनं स्वतःहून भाताची गोष्ट सांगून टाकली.

"तरीच!" आत्या म्हणाली.

बाबा कोपरावर फुंकर घालत होते. "एक दिवस कळ काढता आली नाही तुला?"

"तुमची साडेसाती आहे ना, मग तुम्हीच करा की उपास!" मी ओरडले. मला गप्प केलं ते आईनंच.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर खिडक्या लावलेल्या. आई डोक्याला फडकं गच्च बांधून पडली होती. मंगळवार होता तो. मी विचारायच्या आधीच, डोळे न उघडता ती म्हणाली, "आजपासून मंगळवारही धरलाय. आणि हे बघ, पुन्हा माझ्यासमोर भात आणू नकोस. मला भूक आवरत नाही गं."