शेळ्या पळवणारं कुत्रं

मंडळी, आज निघालो पौडला आणि पोचलो रिहे गावात. वाटेत एक झिपरं काळं-पांढरं कुत्रं दिसलं, त्याच्यामागंच गेलो.

तिथले कुणी फार्महाऊसवाले त्याला टाकून गेलेत म्हणे. गावातली सखूमावशी त्याच्यावर वैतागलेली. "माज्या शेळ्या गोल गोल पळवतंय. उद्या लांब सोडून येनार त्याला!"

मोबाईलवर कुत्र्यांच्या जातींचं पुस्तक उघडून चित्रं जुळवली. सापडलं! बॉर्डर कॉली, मेंढरं वळणारी जात.

"मावशी, हे शेळ्या राखतंय."

"गप ए शहाण्या!"

तेवढ्यात शेळ्या शेजाऱ्याच्या भातात निघाल्या. कुत्र्यानं वळसा घालून सगळ्या माघारी आणल्या, एकीलाही दात लावला नाही.

मावशी बघतच राहिली. "ऱ्हाऊ दे मग हितंच. पन भाकरी खातंय का रं हे?"

ते काय पुस्तकात नाही. कुणी पाळलंय का असलं? मावशीला काय सांगू?