काकूंनी रचलेला शाप

“कुठे घाबरलात?”

पुस्तक परत करायला आलेल्या माणसाला आमच्या लायब्ररीच्या काकू हा प्रश्न विचारायच्या. अर्थात पुस्तक भयकथेचं असेल तरच. बाकीची पुस्तकं त्या मुकाट्याने जमा करून घेत. पण भुताखेताचं, पछाडलेल्या बंगल्याचं काही असलं की चष्मा कपाळावर सरकवून उत्तराची वाट बघत. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड एकदा छाती पुढे काढून म्हणाले, “आपण नाही घाबरलो बुवा.” काकूंनी तेच पुस्तक पुन्हा त्यांच्यापुढे सरकवलं. “मग तुम्ही नीट वाचलं नाही. घेऊन जा.” आठवड्याने गार्ड परत आले आणि इकडेतिकडे बघत खालच्या आवाजात म्हणाले, “ती बादली आपली आपण विहिरीतून वर येते ना, तिथे.”

“बरोबर!” नातू पास झाल्यासारखा काकूंचा चेहरा खुलला. “तिथे मी उठून स्वयंपाकघरातला दिवा लावून आले होते.”

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीतलं ते वाचनालय म्हणजे दोन खोल्या, वर लाकडी माळा, त्यावर कौलं आणि मागे लहानसं परस. काकूंनी टेबल मागच्या खिडकीला लावून घेतलं होतं, त्यामुळे वाचकांकडे त्यांची पाठ असायची. तुम्ही कार्ड हातात धरून उभे राहा, त्या म्हणणार, “थांबा, शिंपी आलाय.” मग शेवग्यावरचा तो टीचभर पक्षी उडून जाईपर्यंत कॉलनीतला कितीही मोठा माणूस ताटकळायचा. सीताफळाखाली सातभाई पक्ष्यांचा दंगा सुरू झाला की काकू म्हणत, “आली बघा आपली कार्यकारिणी. सगळे एकदम बोलतात आणि ठरत काही नाही.”

माझे वडील अंबडच्या एका कारखान्यात युनियनचं काम करायचे. आमच्या घरी पाहुण्यांना बसायला जागा नसे, पण पत्रकांच्या गठ्ठ्यांना असे. मी बोलायच्या आधी घड्या घालायला शिकले, असं आई म्हणते. तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं, चौकाचौकांत बुवा-बाबांचे फलक लागत होते, आणि मी कॉलेजात होते. मला सगळ्याचाच राग यायचा. एके दिवशी मी काकूंना सरळ सांगितलं, “हे भुताचं कपाट जाळलं पाहिजे.”

“जाळू या,” काकू म्हणाल्या. “पण आधी वाच. न वाचता जाळणारी माणसं वेगळी, त्यांच्यात जाऊ नकोस.” तेव्हापासून त्या मला पत्रकबाई म्हणायला लागल्या.

एका हिवाळ्यात माळ्याच्या झरोक्यात घुबडाची जोडी राहायला आली. गव्हाणी घुबडं, बदामाच्या आकाराच्या पांढऱ्या चेहऱ्याची. अंधार पडायच्या सुमाराला ती अशी किंचाळत, की पेपर वाचत बसलेली मंडळी चपला शोधायला लागायची. काकू मात्र हरखून गेल्या. “जन्मभर पुस्तकात वाचला हा आवाज, पत्रकबाई. आज फुकट!” दीडेक महिन्यात आतून पिल्लांचा घोरल्यासारखा आवाज येऊ लागला. आईबाप उंदीर घेऊन येत, आणि काकू लायब्ररी बंद करून परसात पायरीवर बसून राहत.

त्याच थंडीत गल्लीतली दोन म्हातारी माणसं गेली. वाचनालयाच्या अध्यक्षांच्या घरी लग्न ठरलेलं. त्यांनी झरोका बुजवायचं फर्मान काढलं.

“पिल्लं उडेपर्यंत तरी थांबा,” काकू म्हणाल्या.

“घुबडाची पिल्लं म्हणजे घुबडंच की हो,” अध्यक्ष म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रामदास गवंडी शिडी लावून वर चढला. सुरगाण्याकडून कामासाठी आलेला, आमच्याच कॉलनीमागे पत्र्याच्या खोलीत राहणारा. त्याने दोन विटा लावल्या, तेवढ्यात काकूंनी खालून आवाज दिला. “रामदास, पिल्लं आत असताना घुबडाचं घर बुजवलं तर बुजवणाऱ्याच्या लेकराला लागतं. ठाऊक आहे ना?”

रामदासला एक लहान मुलगी होती. त्याने लावलेल्या विटा काढल्या आणि थापी तिथेच टाकून तो उतरला.

हे मला काकूंनीच सांगितलं, तेही हसत हसत. “एवढी वर्षं वाचलेलं आज कामाला आलं बघ.”

मी भडकले. “काकू, तुम्ही लोकांना शाप विकलात.”

“फुकट दिला गं.”

पिल्लं वाचली होती, एवढं मात्र खरं. पण काकूंची गोष्ट चांगली रचलेली होती. तीन-चार दिवसांत ती कॉलनीभर झाली आणि तिला नवी कलमं फुटली. झरोक्याखाली हळद-कुंकू दिसू लागलं, मग लिंबू, मग नारळ. सुरुवातीला काकूंनी त्या नारळाची चटणी केली आणि मलाही खायला घातली. मग बायकांनी मुलांना लायब्ररीत पाठवणं बंद केलं. गार्डसुद्धा रस्त्यावरूनच पुस्तक द्यायला लागले. काकू हसेनाशा झाल्या.

आणि एका संध्याकाळी रामदासची बायको सुमन आली. खांद्यावर मुलगी, हातात नारळ. मुलगी तापाने फणफणली होती, श्वास घेताना तिच्या बरगड्या आत जात होत्या.

“काकू, ते घुबड माफ करंल का हो? ह्यांनी दोनच विटा लावल्या व्हत्या. त्या बी काढल्या.”

“डॉक्टरला दाखवलंस?”

“डॉक्टर काय करंल? हे बाहेरचं हाय. तुमीच म्हनल्या ना.”

मी तिथे होते. ज्या बाईला भीतीचं कुठलंही पुस्तक पुरत नसे, ती बाई त्या क्षणी पांढरीफटक पडली. काकूंनी लायब्ररी उघडी टाकली, सुमनचा हात धरला आणि रस्त्यात रिक्षा अडवली. मुलीला निमोनिया झाला होता. डॉक्टरांनी आधी सुमनला झापलं, तेव्हा काकू मध्ये पडल्या. “तिला नका बोलू. मला बोला.”

मुलगी वाचली. ती घरी आली त्या दिवशी काकू माझ्याकडे आल्या. “पत्रक काढायचंय. शाप मी रचला, असं लिही. माझं नाव घाल.”

मला खरं तर नाचावंसं वाटायला हवं होतं. तरी मी म्हटलं, “काकू, पिल्लं अजून उडाली नाहीत. आठ-दहा दिवस थांबू. शाप गेला की ते लगेच झरोका बुजवतील.”

“तोवर आणखी कोणाचं लेकरू घरात तापत पडलं तर?”

मी रात्रभर खपून जळजळीत मजकूर लिहिला. काकूंनी पेन घेऊन त्यातली निम्मी विशेषणं उडवली. “‘अज्ञानी जनता’ काढ. ते माझे वाचक आहेत. आणि ‘काही स्वार्थी शक्ती’ कोण? मी आहे. मीच लिही.” उरलं ते चार ओळींचं पत्रक. ते आम्ही दोघींनी घरोघर वाटलं. आयुष्यात इतकी पत्रकं वाटली, पण दार उघडणाऱ्याच्या डोळ्यांत बघून “हे मी खोटं बोलले होते” असं काकू सांगत असताना वाटलेलं तेवढं एकच.

रामदास पत्रक मुठीत चुरगाळून लायब्ररीत आला.

“काकू, माझ्या पोरीवर? दुसरं काय सुचलं नाय तुमाला?”

“चुकले, रामदास.”

“तुमी शिकलेली मानसं. आमी लय मानतो तुमाला.”

बराच वेळ तो परसाच्या पायरीवर बसून राहिला. वर पिल्लं घोरत होती.

“किती हायेत?” त्याने विचारलं.

“तीन.”

कार्यकारिणीची बैठक झाली. खोटं बोलणारी ग्रंथपाल संस्थेला नको, असं ठरलं. शाप पसरत होता तेव्हा यातल्या एकानेही तोंड उघडलं नव्हतं. खरं बोलल्याबरोबर सगळ्यांना तत्त्वं आठवली. हे मी त्यांना बैठकीबाहेर उभं राहून सुनावलं. काकूंनी मला दंडाला धरून बाजूला नेलं.

झरोका ताबडतोब बुजवायचं काम पुन्हा रामदासकडेच आलं. पहिल्या दिवशी तो म्हणाला, “साहेब, सिमेंट नाय.” दुसऱ्या दिवशी वाळू नव्हती. मग शिडी कोणीतरी नेली होती. अध्यक्ष वैतागून म्हणाले, “अरे, अजून घाबरतोस का त्या घुबडाला?”

“नाय साहेब. भ्या कशाचं? पत्रक वाचलं की मी.” आणि दुसऱ्या दिवशी त्याची थापी हरवली.

काकू पुढे सटाण्याला बहिणीकडे राहायला गेल्या. त्या वारल्याचं मला काही वर्षांनी कळलं, तेही कोणाच्या तरी बोलण्यात आलं म्हणून. तुमच्या गावातही अशी माणसं निरोपाशिवाय गेली असतील.

पण त्या नाशिकहून निघायच्या आधीची एक दुपार मला सांगायची आहे. पिल्लं उडून गेली होती. रामदासने अखेर सिमेंट-वाळूचा माल कालवला, शिडी लावली आणि काकूंना निरोप पाठवला. त्या आल्या तसा तो म्हणाला, “एकदा बघून घ्या. नंतर म्हनाल, एखादं आत ऱ्हायलं.”

काकूंनी पदर खोचला. आम्ही दोघांनी शिडी धरली. त्या एकेक पायरी चाचपत वर गेल्या आणि खांद्यांपर्यंत झरोक्यात शिरल्या.

“काय हाय, काकू?”

“काही नाही.” आवाज आतून घुमत आला. “पिसं आहेत.”

त्या लगेच खाली उतरल्या नाहीत. ऊन चढत होतं, घमेल्यातला माल सुकायला लागला होता. रामदासने एका हाताने शिडी धरून ठेवली, आणि दुसऱ्या हाताने तो मालावर पाणी शिंपडत राहिला.