यल्लव्वाच्या मागावरचं गाणं

बेळगावला लागून असलेल्या शहापूरच्या विणकर आळीत यल्लव्वाची वीण सर्वांत सफाईदार. पण बेळगावात नाटक कंपनी उतरली आणि तिचं चित्त थाऱ्यावर राहीना. मागच्या खेपेला ऐकलेलं कंपनीतल्या गायक नटाचं पद ओठांवर यायचं, आडवा धागा बसवणाऱ्या फणीचा ठोका त्याच्या लयीत पडायचा आणि लुगडं कुठं दाट, कुठं विरळ व्हायचं. आज शेवटचा खेळ होता. हातातलं लुगडं संपल्याशिवाय मागावरून उठायचं नाही, हा घरचा नेम. उसवून पुन्हा विणलेला वीतभर भागही नासला.

सासू बायाक्कानं त्यावरून बोट फिरवलं.

"काय गं, हे तू विणलंस का त्या मेल्या नटानं?"

यल्लव्वा पुन्हा धागे सोडवू लागली.

"ऊठ, जा, बघून ये त्याला! न्हायतर सणाची समदी लुगडी अशीच नासतील."

पदर सावरायच्या आधीच यल्लव्वा उंबऱ्याबाहेर होती.