तात्यांचा कॉर्डलेस आणि अंगणातला खड्डा

दोष तात्यांचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात कुठलीही गोष्ट सांगायला घेतली की शेवटी दोष माझ्या मांडीवर येऊन बसतो.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. म्हणजे ऑफिसला ते कळलं होतं, तात्यांना अजून कळायचं होतं. घरात चहा हवा असला तरी ‘विचार व्हावा’ अशा आवाजात मागायचे. सावेडीत बंगला, बंगल्याला रस्त्याकडे तोंड केलेला एक रिकामा गाळा, आणि त्या गाळ्यावर माझा डोळा.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला होता. सुटला नव्हता, सोडला होता. हा फरक नातेवाइकांना समजावणं मी केव्हाच सोडून दिलं होतं. मला त्या गाळ्यात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं. माळीवाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत एक टीव्ही उघडला की घरातल्या एका माणसाला बाहेर जावं लागे. तिथं धंदा कसला होतोय?

तात्या म्हणाले, “आधी हा फोन चालू करून दाखव. मग गाळ्याचं बघू.”

तात्यांचं ‘बघू’ म्हणजे काय, ते ज्यांनी सरकारी ऑफिसात खेटे घातलेत त्यांना सांगायला नको. पण मी गरजू होतो.

फोन साधासुधा नव्हता, कॉर्डलेस होता. नव्वदच्या त्या दशकात अख्ख्या गल्लीत एकच. जावईबापूंनी पुण्याहून आणून दिलेला. तात्या तो घेऊन मुद्दाम कंपाउंडपाशी उभे राहायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल असं बोलायचे. पलीकडच्यानं फोन ठेवला तरी पाच मिनिटं बोलत राहायचे.

तर हा फोन चार्ज होईना. काम एवढंच असतं की हँडसेट त्याच्या बैठकीवर ठेवायचा, लाल दिवा लागतो, आतली बॅटरी भरते. इथं दिवाच लागत नव्हता. आणि जावई रविवारी जेवायला येणार होते. त्यांच्यासमोर फोन मेलेला दिसला तर तात्यांची सासरेगिरी धोक्यात.

घरगुती उपाय झाले होते. तात्यांनी फोन तळहातावर आपटून पाहिला होता, उन्हात ठेवून पाहिला होता. काकूंनी हळद-कुंकू लावलं होतं. ते बटणांच्या फटीत गेलं होतं.

“कंपनीचा माल खराब आहे म्हणावं तर जावयांचा अपमान होतो,” तात्या म्हणाले. “तेव्हा दोष दुसरीकडं शोध.”

बघा, निदान करायच्या आधीच निकाल.

काकूंनी हँडसेट पारदर्शक पिशवीत घालून, वर दोन रबर लावून माझ्या हातात दिला. बैठक आणि अॅडॉप्टर कापडी पिशवीत. मी सगळं सायकलला अडकवून घरी आणलं.

काम मी शिस्तीत केलं, उगाच नावं ठेवू नका. अॅडॉप्टर भिंतीतून काढल्याशिवाय काही उघडलं नाही. मल्टीमीटर लावला, अॅडॉप्टर ठणठणीत. हँडसेटच्या बुडाला दोन पितळी टिकल्या असतात, त्या बैठकीवरच्या पत्र्यांना टेकतात. त्या खोडरबरानं घासल्या. कुंकू ब्रशनं काढलं. हँडसेट बैठकीवर ठेवला. लाल दिवा लागला.

भरलेला फोन नेऊन दिला. तात्यांनी कंपाउंडपाशी उभं राहून एका जुन्या कारकुनाला झापलं. मी गाळ्याच्या शटरकडे बघत घरी आलो.

दोन दिवसांनी तात्यांची स्कूटर आमच्या दारात.

“तुझी दुरुस्ती मेली.”

परत फोन आणला. दिवा माझ्या टेबलावर लागत होताच, म्हणून ठरवलं की बॅटरीच म्हातारी. नवी घातली. रात्रभर भरली. नेऊन दिला. परत मेला. वर काकूंची तक्रार, “आवाज पण घोंगडीतून आल्यासारखा येतोय रे.”

मग मी डोकं लावलं. माझ्याकडे चालतो, सावेडीत चालत नाही. म्हणजे फोन चांगला, तात्यांच्या घराची वीज खराब. किती सरळ विचार! सॉकेट तपासला, व्होल्टेज नीट. मग उरलं काय?

“तात्या, अर्थिंग.”

हा शब्द तात्यांना फार आवडला. “मला बंगला बांधतानाच त्या ठेकेदाराचा संशय होता,” ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात ठेवला. “पोरगं वाया गेलेलं नाही अगदीच.”

आता मला सांगा, अॅडॉप्टरला पिना किती होत्या? दोन. अर्थिंगची तिसरी पिन त्याला नव्हतीच. अर्थिंगचा आणि त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण खांद्यावर चुलत्याचा हात आणि समोर गाळा असला की माणूस पिना मोजत नाही.

रविवारी सकाळी अंगणात खड्डा खणायला घेतला. खाली कोळसा आणि मीठ भरायचं, तांब्याची पट्टी पुरायची, असा बेत. खणायला पाथर्डीकडचा किसन आणला होता. तात्या खुर्ची टाकून देखरेखीला बसले.

दोन फूट गेल्यावर कुदळ ‘टंग’ वाजली. पाठोपाठ नळाचं पाणी कमरेएवढं उडालं. आमच्याकडे नळाला पाणी दिवसाआड येतं. त्या दिवशी नेमकं आलं होतं.

किसन कुदळीवर हात टेकून बघत राहिला. “मालक, आमच्या गावाला साठ फूट गेलं तरी ढेकूळ ओलं व्हत न्हाई. तुमच्यात दोन फुटावर पानी. नशीब लागतं.”

“अरे, पाइप फुटलाय!”

“व्हय, ते दिसतंय. पन पानी ग्वाड असंल.”

“नळवाल्याला फोन लाव आधी,” तात्या ओरडले.

काकू हँडसेट घेऊन धावत आल्या. पिशवीसकट. पिशवीच्या कोपऱ्याला भोक पाडून एरियल बाहेर काढलेली, दोन्ही रबर जागच्या जागी. त्यांनी पिशवीवरूनच बटणं दाबली, पिशवीवरूनच कानाला लावला.

“मेलाय,” म्हणाल्या. आत जाऊन पिशवीसकटच बैठकीवर ठेवला.

मी चिखलाच्या पायांनी उंबऱ्यात उभा होतो.

“काकू, ती पिशवी?”

“असू दे की. जावयांनी दिलाय. धूळ बसती.”

“चार्जिंगला ठेवताना पण?”

“मग काय, उघडानागडा ठेवू?”

मला वाटत होतं, ती पिशवी सायकलवरून न्यायला दिलेली आहे. मी पिशवी काढली, हँडसेट बैठकीवर ठेवला. लाल दिवा लागला.

आता कुणी समंजस माणूस गप्प बसला असता. मी नाही बसलो. मी बाहेर येऊन किसनसमोर, शेजाऱ्यांसमोर मोठ्यांदा सांगितलं की प्लॅस्टिकमधून वीज जात नाही हे शेंबड्या पोराला कळतं, आणि या घरात इतकी वर्षं सरकारी पगार खाल्लेल्या माणसाला कळू नये म्हणजे कमाल आहे.

तात्यांनी ऐकून घेतलं. पाणी त्यांच्या खुर्चीच्या पायांपर्यंत आलं होतं.

“दोनदा फोन तू घरी नेलास. पिशवी कुणी काढली?”

“मी.”

“आणि देताना परत कुणी घातली?”

काकू माझ्या बाजूनं बोलायला गेल्या.

“त्यानंच घातली. लई निगुतीनं घालतो हो तो. रबर पण लावतो दोन्ही.”

किसन खड्ड्यात उतरला. त्याला हसायला जागा हवी होती.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. जावईबापू उतरले ते थेट चिखलात. बूट हातात घेऊन घरात आले आणि पहिलं विचारलं, “फोन कसा चाललाय?”

“एक नंबर,” तात्या म्हणाले. “फक्त दुरुस्तीवाला बदलायचाय.”

जेवताना त्यांनी गाळा जावयांच्या मावसभावाला देऊन टाकला, झेरॉक्ससाठी. माझं दुकान झालं नाही.