काट्याखालचे चेअरमन

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — माहीत नाही. तोंड उघडलंय, तर ऐका.

मी मूळचा वाईचा. पलूसकडच्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवतो. इंग्रजांच्या दोनशे वर्षांपूर्वीच्या व्यंगचित्रांचं मला वेड. तांब्याच्या पत्र्यावर कोरायची, छापून हातानं रंगवायची आणि दुकानाच्या काचेत लावायची. ढेरपोट्या युवराज, लाळघोटे मंत्री — रस्त्यावरचा माणूस बघून खदखदायचा. वीस वर्षं मी त्यांच्या नकला केल्या. हुबेहूब. पण माझं स्वतःचं असं एक तरी चित्र? नाही.

सुहास आमच्याकडे नऊ वर्षं हंगामी शिक्षक होता. त्या दिवाळीत तो कायम होणार होता. ती चित्रं त्याला मीच दाखवली. "सर, ही मानसं लय बेरकी हुती की," एवढंच म्हणाला. आणि आठ दिवसांत गणपतीच्या मांडवात भलामोठा पडदा लागला. साखर कारखान्याचा वजनकाटा. वर गाडीभर ऊस, आणि खाली आमचे चेअरमन उताणे झोपून ढेरीनं काटा वर ढकलतायत — वजन कमी भरावं म्हणून. घामाघूम. आमची शाळाही ह्याच चेअरमनांच्या संस्थेची, बरं का.

कुणी काढलं? मंडळ तोंड उघडेना. मी मात्र बघताक्षणी ओळखलं. म्हातारेकोतारे डोळे पुसत हसत होते, आणि मी जळत होतो. वेड माझं, अभ्यास माझा — मग हे मला का नाही सुचलं?

तिसऱ्या दिवशी चेअरमनांचा माणूस माझ्या वर्गात आला. "सर, तुमी जाणकार. कुनाचा हात असंल ह्यो?"

मी नाव घेतलं नाही. केवढी माझी हुशारी! फक्त म्हणालो, "शाळेच्या दारातला फळा बघा." त्या फळ्यावर सणावाराची चित्रं सुहासच काढायचा, हे शिपायालाही ठाऊक होतं.

मला कुणी धमकावलं नव्हतं. भ्यालो म्हणावं, तर तेही खोटं. चहा पीत बोललो मी.

त्याची ऑर्डर निघाली नाही. दिवाळीनंतर घरीच बसवला त्याला. मी भेटायला गेलो, आणि तुझ्यासाठी संस्थेत भांडलो म्हणून सांगितलं. त्यानं बायकोला हाक मारली, दोघं माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.

आता तो तासगावात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवतो. परवा माझ्या मोटारसायकलपुढं एक ट्रॉली होती. मागच्या फळीवर एक पुढारी, दोन खुर्च्यांवर एकेक मांडी टेकून, मधे लोंबकळलेला. सिग्नलला माणसं उतरून फोटो काढत होती, हसत होती. रेघ पूर्वीपेक्षाही मोकळी झाली होती त्याची.

मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. वाटलं — ह्याचा हात अजून थांबला कसा नाही?